ताजमहाल, पण मुंबईचा

मागच्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल गेटवे ऑफ इंडियाला गेली होती. उर्दू माध्यमाची मुले, इयत्ता नववी. सगळ्यांनी समुद्राकडे पाठ करून त्या प्रचंड इमारतीकडे तोंड केले आणि एकाने विचारले, "टीचर, ये भी शाहजहानने बनाया क्या?" बाकीची मुले हसली. मला मात्र हसू आले नाही, कारण प्रश्न दिसतो तितका वेडा नाही. नाव ताजमहाल, वर गुंबद, खिडक्यांना कमानी. मग त्या मुलाचे काय चुकले?

हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. ते उभे केले जमशेटजी टाटांनी. वॉटसन हॉटेलात त्यांना 'फक्त गोऱ्यांसाठी' म्हणून अडवले, त्या रागातून त्यांनी ताज बांधले, ही गोष्ट आपण सगळेच ऐकत आलो आहोत. सांगायला ती फार छान आहे. मीही पूर्वी वर्गात रंगवून सांगत असे. पण तिला भक्कम पुरावा नाही. शिवाय जमशेटजींचे स्वतःचे भव्य एस्प्लनेड हाऊस याच शहरात होते, त्यांना रात्रीच्या मुक्कामाला हॉटेल कशाला लागणार? मला दुसरे कारण जास्त पटते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसे शहर सोडून पळत होती, व्यापार बसला होता. अशा वेळी आपल्या शहराची पत परत यावी, बाहेरच्या पाहुण्याने इथे आनंदाने उतरावे, असे या शहरावर जीव असलेल्या माणसाला वाटणे साहजिक आहे. अपमानाच्या गोष्टीपेक्षा प्लेगची गोष्ट कमी नाट्यमय आहे. पण माणूस तिच्यात मोठा दिसतो.

त्यांच्या बहिणीला ही कल्पना मुळीच रुचली नव्हती. बंगळुरूला विज्ञानसंस्था काढणार, लोखंडाचा कारखाना काढणार आणि आता भटारखाना घालणार का, असे तिने विचारल्याचे सांगतात. आपल्याकडे अजूनही हॉटेल म्हटले की चहा आणि मिसळच डोळ्यांसमोर येते, त्यामुळे बाईंचा त्रागा मला कळतो. गंमत अशी की पोलाद, विज्ञानसंस्था, पाण्यापासून वीज आणि हॉटेल या चार मोठ्या स्वप्नांपैकी जमशेटजींच्या डोळ्यांदेखत पुरे झाले ते एवढे भटारखान्याचेच. मे १९०४ मध्ये जर्मनीत त्यांचे निधन झाले. त्याआधी विजेची यंत्रे, झुंबरे, पंखे, लोखंडी खांब हे सगळे त्यांनी परदेशांत फिरून जातीने निवडले होते. इमारत विजेच्या दिव्यांनी उजळलेली होती. पहिल्या दिवशी पाहुणे होते अवघे १७.

आता इमारतीकडे वळू. आराखडा केला रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी. वैद्य काम पुरे होण्याआधीच वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने ते तडीस नेले. बांधकामाचे कंत्राट खानसाहेब सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांचे. आतला तो अधांतरी वाटणारा भव्य जिना हे त्यांचेच काम.

इमारतीच्या शैलीला इंडो-सारसेनिक म्हणतात. 'सारसेन' हा युरोपीय लोकांनी मुसलमानांसाठी वापरलेला जुना शब्द. म्हणजे नावातच कबुली आहे. गुजरातच्या सुलतानांच्या मशिदी, विजापूरच्या आदिलशाहीचे गुंबद, मोगलांचे झरोके आणि जाळ्या यांतले काही काही उचलून इंग्रजी अमदानीत ही शैली घडली. ताजच्या कोपऱ्यांवरचे कांद्याच्या आकाराचे घुमट, कमानी, बाहेर आलेले सज्जे आपल्या ओळखीचे वाटतात ते त्यामुळे. मधला लालसर मोठा घुमट मात्र इटलीच्या वळणाचा, बोरीबंदर स्टेशनचा भाऊ शोभेल असा. काही जाणकार या मिश्रणाला नाक मुरडतात. मला ते आवडते. मुंबईची बोली तरी दुसरी काय आहे?

आणखी एक दंतकथा. म्हणे इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि ते पाहून शिल्पकाराने जीव दिला. साफ खोटे. जुना दरवाजा मुद्दामच शहराच्या बाजूला होता, घोडागाड्यांना सोपा पडावा म्हणून. तिथे आज पोहण्याचा तलाव आहे. आणि गेटवे तर त्या वेळी नव्हताच. तो १९२४ साली खुला झाला, म्हणजे ताजनंतर २१ वर्षांनी. ज्याला आपण 'गेटवेसमोरचे हॉटेल' म्हणतो, त्याच्यासमोर खरे तर गेटवे बांधला गेला.

पहिल्या महायुद्धात इथे ६०० खाटांचे इस्पितळ होते. जिनांची पत्नी रत्ती हिने त्यांच्यापासून वेगळी झाल्यावर याच हॉटेलात मुक्काम केला होता. १९२९ साली, तिच्या एकोणतिसाव्या वाढदिवशीच, ती गेली. माझगावच्या आरामबागेत तिची कबर आहे.

आणि मग २६ नोव्हेंबर २००८. त्या घुमटाखालून निघणारा धूर आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. ताजमध्ये ३१ माणसे मारली गेली. सीएसटीवर तर गोळ्या झाडणाऱ्यांनी कुणाचे नाव विचारले नव्हते. मेलेल्यांत मुसलमानही पुष्कळ होते. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत बकरी ईद आली आणि अनेकांनी दंडाला काळ्या फिती बांधून नमाज पढली. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानात जागा द्यायला तिथल्या विश्वस्तांनी नकार दिला. मयताला माती नाकारणे आपल्यात किती मोठी गोष्ट आहे, हे मी सांगायला नको. ती प्रेते वर्षाहून अधिक काळ जे. जे.च्या शवागारात पडून होती. शेवटी जानेवारी २०१० मध्ये सरकारने ती गुपचूप पुरली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला ताजची जुनी इमारत दुरुस्त होऊन पुन्हा उघडली.

मुलांना यातले निम्मे तिथेच, उन्हात उभे राहून सांगितले. आत नेणे परवडणारे नव्हते. एक मुलगी म्हणाली, "टीचर, बनानेवालों के नाम लिखवा दो." मी सोराबजी सांगितले, मिर्झा सांगितले, ते सगळ्यांनी भराभर लिहिले. वैद्यांच्या नावाशी मात्र गाडी अडली. शेवटचा 'द्य' उर्दूत कसा लिहायचा? दाल आणि ये जोडून पाहिले, सुटे लिहून पाहिले. वह्यांमध्ये चार तऱ्हेचे वैद्य घेऊन आम्ही बसकडे निघालो.