देवघरातलं चित्र कुणाचं?



मांजरीतल्या आमच्या एका गटानं दिवाळीसाठी उटण्याच्या डब्या केल्या. लेबलावर जुन्या काळातली नऊवारीतली बाई हवी होती. एका ताईंनी मोबाईलवर चित्र शोधलं, छापखान्यात दिलं, हजार लेबलं छापून आली. माल दुकानात गेला आणि आठवड्याभरात चित्रकाराच्या घरून फोन आला. चित्र जुन्या धाटणीचं होतं, पण जुनं नव्हतं. विचारल्याशिवाय ते विक्रीच्या मालावर छापलं, ही चूक आमचीच. लेबलं काढून टाकली आणि नवी छपाई गटाच्या बचतीतून करावी लागली.

तेव्हापासून जुन्या चित्रांचं कूळ शोधायचा मला नाद लागला. शोधता शोधता गोष्ट आपल्याच पुणे जिल्ह्यात आली.

आपल्या आजी-पणजीच्या आधीच्या काळात देवाचं रंगीत चित्र गरिबाच्या घरी नसायचं. हातानं काढलेलं चित्र परवडणार कुणाला? 1878 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात चित्रशाळा छापखाना काढला. तिथं देवदेवतांची आणि इतिहासातल्या माणसांची रंगीत चित्रं छापली जाऊ लागली. मग 1894 मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत स्वतःचा छापखाना घातला. त्यांची लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरी गेली ती या छापखान्यामुळं.

ही छपाई दगडावर व्हायची, म्हणून तिला शिळाछाप म्हणतात. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई बसत नाही, तेलकट रेघेवर बसते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एका लक्ष्मीसाठी कितीतरी दगड लागायचे.

पुढं हा छापखाना मळवलीला आला. पुण्याहून लोणावळा लोकलमध्ये बसलं की लोणावळ्याच्या आधीचं स्टेशन, कार्ल्याच्या लेण्यांजवळचं. तुमच्या घरात जुनी तसबीर असेल तर खालच्या कडेची बारीक अक्षरं वाचा. रविवर्मा प्रेस, कार्ला, लोणावळा असं काही सापडलं, तर ती तसबीर आपल्या मावळात छापलेली आहे.

छापखाना तोट्यात गेला. रविवर्मांनी तो त्यांच्याकडच्या जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना विकला. यंत्रं विकली, तशी आपली चित्रं छापायचे हक्कही वेगळे विकले. इथंच खरी मेख आहे. चित्राचा कागद ही एक मालमत्ता आणि ते चित्र छापायचा हक्क ही दुसरी. तसबीर आपल्या देवघरात पन्नास वर्षं असली, तरी छापायचा हक्क आपोआप आपल्याकडे येत नाही.

मग तो हक्क संपतो कधी? आपला कायदा 1957 चा. त्यात आधी चित्रकाराच्या मृत्यूनंतर 50 वर्षं अशी मुदत होती. रवींद्रनाथ ठाकूर 1941 मध्ये गेले. त्यांच्या लेखनाची मुदत 1991 अखेर संपत आली, तेव्हा सरकारनं ती 60 वर्षं केली. म्हणजे हिशेब सोपा आहे. चित्रकार ज्या वर्षी गेला त्यात 60 मिळवा. ते वर्ष संपलं की चित्र सगळ्यांचं.

रविवर्मा 1906 मध्ये गेले, त्यांची चित्रं केव्हाच मोकळी झाली. पण छापखाना त्यांच्यानंतरही कित्येक वर्षं चालला आणि तिथं दुसऱ्या कलाकारांची चित्रंही छापली गेली. खाली प्रेसचं नाव आहे म्हणून चित्र रविवर्मांचंच, असं समजू नका. चित्रकाराचं नाव कळतच नसेल, तर चित्र प्रसिद्ध झालं त्या वर्षापासून 60 वर्षं धरतात.

आता एका घरातली दोन नावं ऐका. कोल्हापुरात जन्मलेले एम. व्ही. धुरंधर यांनी बायकांची फार सुंदर चित्रं काढली. पाणी भरणारी, बाजाराला निघालेली, निरनिराळ्या जातीजमातींची. ते 1944 मध्ये गेले, म्हणून 2005 पासून त्यांची चित्रं कुणीही छापू शकतं. त्यांची मुलगी अंबिका धुरंधर याही चित्रकार, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या. त्या 2009 मध्ये गेल्या. त्यांची चित्रं 2069 संपेपर्यंत परवानगीशिवाय छापता येणार नाहीत. आडनाव एकच, हिशेब वेगळा. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांमुळं आपल्याला माहीत असलेले दीनानाथ दलाल 1971 मध्ये गेले आणि रघुवीर मुळगावकर 1976 मध्ये. त्यांची चित्रं जुनी वाटतात, पण अजून मोकळी नाहीत.

फोटोचा नियम 2012 मध्ये बदलला. आता तिथंही फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूपासून 60 वर्षं मोजतात.

शोधायचं कुठं? गुगलवर दिसलं म्हणजे मोकळं, असं नाही. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक चित्राखाली चित्रकार, साल आणि परवाना लिहिलेला असतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं 2017 पासून आपल्याकडच्या मोकळ्या चित्रांच्या मोठ्या फाइली सगळ्यांना खुल्या केल्या आहेत, त्यात आपल्याकडचे जुने शिळाछापही आहेत. परवान्यात 'सीसी झीरो' असेल तर खुशाल वापरा. 'बीवाय' असेल तर चित्रकाराचं नाव छापा. 'एनसी' असेल तर विक्रीच्या मालावर ते चालत नाही. ते पान मोबाईलवर जपून ठेवा, तारखेसह. उद्या कुणी विचारलं तर दाखवता येतं.

दुसऱ्या कंपनीच्या जुन्या डबीवरचं चित्र घेऊ नका. चित्राची मुदत संपली तरी ते त्यांचं नोंदलेलं व्यापारचिन्ह असू शकतं, आणि त्याचं नूतनीकरण दर दहा वर्षांनी होत राहतं.

छपाईला एका इंचात 300 ठिपके लागतात. चार इंच रुंद लेबलाला चित्र निदान 1200 ठिपके रुंद हवं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ते बारीक होतं, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

देवाच्या चित्राबद्दल आमच्या गटात बरीच चर्चा झाली. लक्ष्मीचं चित्र मोकळं आहे, पण रिकामी डबी शेवटी कचऱ्यात जाते. म्हणून आम्ही धुरंधरांची एक बाई घेतली आणि खाली त्यांचं नाव छापलं.

पूर्वी कितीतरी बायकांनी या छापील तसबिरींवर जरीचे तुकडे, टिकल्या, मणी लावून देवीला साडी नेसवली. त्या कामावर एकीचंही नाव नाही. तुमच्या गटातली एखादी मुलगी लेबलासाठी रांगोळी काढून देत असेल, तर ते चित्र तिचं आहे. तिच्याकडून लेखी परवानगी घ्या, तिला मोबदला द्या आणि डबीवर तिचं नाव छापा.

पुढच्या बैठकीला येताना घरातल्या जुन्या तसबिरीच्या खालच्या ओळीचा फोटो काढून आणा. सगळ्या मिळून वाचू.