मुंबईच्या गोद्या

मुंबईच्या भरभराटीचा पाया पूर्व किनाऱ्यावर घातला गेला. १७३६ सालीं लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून येथें जहाजें बांधण्यास आले. त्यांच्या वंशजांनीं १८१७ सालीं पाण्यांत सोडलेलें 'त्रिंकोमाली' हें सागवानी जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्यापि तरंगत आहे. पुढें १८७५ त ससून गोदी व १८८० त प्रिन्सेस गोदी खुली झाली. १४ एप्रिल १९४४ च्या भीषण स्फोटानंतरही कामगारांनीं बंदर पुन्हां उभें केलें. १९८९ मध्यें न्हावाशेवा बंदर सुरू झाल्यावर मात्र पुष्कळसा माल पैलतीरीं उतरूं लागला. आतां ओस पडलेल्या धक्क्यांवर बागा व विहारस्थानें योजिलीं जात आहेत. ससून गोदींत पहांटे मासळी उतरविणाऱ्या कोळ्यांची जागा राखली, तरच त्यास जीर्णोद्धार म्हणतां येईल.