टांकणखाराची पंगत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील शहरे विस्तारली, दूध-मांस आगगाडीने दूरवर जाऊ लागले आणि ते नासू नये म्हणून मांसात टांकणखार व दुधात फॉर्मल्डिहाइड बिनदिक्कत मिसळले जाऊ लागले. परंतु या द्रव्यांचा मनुष्यदेहावर काय परिणाम होतो, याची सरकारी दप्तरात पुरेशी नोंद नव्हती.

ही उणीव दूर करण्यासाठी कृषिखात्याचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ हार्वे वायली यांनी 1902 साली वॉशिंग्टनमधील आपल्या कचेरीच्या तळघरात भोजनगृह थाटले आणि स्वेच्छेने पुढे आलेल्या बारा धडधाकट तरुणांना तेथे मोजूनमापून जेवू घालण्याची तजवीज केली. प्रथम टांकणखार लोण्यात लपवला गेला. तरुण लोणी टाळू लागले, तेव्हा अखेरीस तो कॅप्सूलमधून उघडपणे देण्यात आला. त्यांचे वजन, नाडी, तापमान आणि मलमूत्र यांचा तपशील नित्य टिपला जाई. मात्रा वाढली, तशी डोकेदुखी, पोटदुखी व अरुची बळावली.

या प्रयोगांनी जागृत झालेले लोकमत, त्याला मिळालेली स्त्रीसंघटनांची जोड आणि मांस-कारखान्यांतील घाण उघड करणाऱ्या लेखक अप्टन सिंक्लेअर यांच्या कादंबरीने उसळलेला संताप यांच्या रेट्याने, वर्षानुवर्षे रेंगाळलेल्या शुद्ध अन्न व औषध कायद्यावर अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 30 जून 1906 रोजी स्वाक्षरी केली.

तथापि, नवे द्रव्य अन्नात घालण्यापूर्वीच ते निर्धोक असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारी दुरुस्ती व्हायला 1958 साल उजाडावे लागले. प्रजेच्या ताटाचे रक्षण हे राज्यसंस्थेचे आद्य कर्तव्य होय, आणि त्यासाठी आपली प्रकृती पणाला लावणाऱ्या त्या तरुणांचे ऋण प्रत्येक भोजनकर्त्याने मानले पाहिजे.