58 रुपये 5 आणे 4 पै

1912 साली मुंबईहून लातूरच्या बाजारात आलेल्या विलायती कापडाच्या गाठींवर व्यापाऱ्याचा एकूण खर्च किती झाला असेल? हिशेब मांडायचा तर वाटेत कोणकोणते कागद निघाले, हे आधी ठरवावे लागते.

सर्वांत जुना आधार 1802 च्या व्यापारी तहाचा. ईस्ट इंडिया कंपनी आणि निजाम यांच्यातील या तहाने कंपनीच्या मुलखातून येणाऱ्या मालावर शेकडा 5 जकात ठरली. विसाव्या शतकाच्या आरंभीही हाच दर चालू होता. वसूल करणारे खाते करोडगिरीचे.

पुढचा आधार रेल्वेचा. बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये बार्शीला आणि 1911 मध्ये लातूरला पोचली. तिचे रूळ अडीच फुटी, म्हणून मुंबईचा माल कुर्डुवाडीला उतरवून पुन्हा चढवावा लागे. नांदेडच्या मालाची अशीच चढउतार मनमाडला होई. बार्शी इंग्रजी मुलखात, लातूर निजामाच्या राज्यात. त्यामुळे मुंबई बंदरात साडेतीन टक्के भरून सुटलेले कापड हद्द ओलांडताना पुन्हा जकातीला येई. इथवर सारे निश्चित आहे.

आता खरी गंमत. व्यापाऱ्याचे बीजक कलदार म्हणजे इंग्रजी रुपयांत आणि इंग्रजी तारखेचे. निजामी दप्तराची भाषा 1880 च्या दशकापासून उर्दू, चलन हाली सिक्का, साल फसली. फसली 1321 सुरू होते ऑक्टोबर 1911 मध्ये. नुसते 590 मिळवून इसवी सन काढणारा अभ्यासक वर्षाचे पहिले तीन महिने हमखास अचूक लावतो, पुढचे नऊ चुकवतो.

चलनाचे मात्र उलट आहे, ते वाट दाखवते. शंभर कलदारला 116 रुपये 10 आणे 8 पै हाली हा दर धरा. समजा, एखाद्या वहीत जकातीपोटी 58 रुपये 5 आणे 4 पै अशी विचित्र रक्कम सापडली. जकात शेकडा 5, म्हणून तिला विसाने गुणले की 1166 रुपये 10 आणे 8 पै होतात, म्हणजे बरोबर 1000 कलदार. बीजक हरवले असले तरी त्याचा आकडा असा परत मिळतो. अर्थात आकारणी बीजकाच्या किमतीवरच झाली, हे इथे गृहीत आहे. नाक्यावर मालाची किंमत वेगळी ठरवली असेल तर रक्कम अशी गोल येणार नाही. ती गोल येते की नाही, हाच पुरावा.

जकातीच्या कागदांच्या नाक्यांवरच्या प्रती शोधण्यात फारसा अर्थ नाही, असे मला वाटते. 1947-48 च्या निजामाविरुद्धच्या मुक्तिलढ्यात सरहद्दीवरच्या शिबिरांतील कार्यकर्त्यांनी करोडगिरीची नाकी जाळली, हे नोंदलेले आहे; त्यात जुनी दप्तरेही गेली असावीत, हा माझा तर्क. व्यापाऱ्याची प्रत मात्र पेढीवर येई. म्हणून लातूर-नांदेडच्या जुन्या पेढ्यांच्या मोडी आणि मारवाडी वह्या उघडायला हव्यात, आणि त्यांत जकात खात्यावरचे आणे-पै आधी वाचायला हवेत.