धूळ फुंकावी की ओढावी?



केरसुणीचा दांडा, विजेच्या पंख्याची मोटर, साबणाचे खोके आणि उशीचा अभ्रा. ह्या चार वस्तू एके ठिकाणी पडलेल्या दिसल्या, तर घरची माणसे म्हणतील, ‘उचला ही अडगळ!’ पण ह्याच अडगळीतून १९०७ साली अमेरिकेतल्या कॅन्टन गावी एक यंत्र उभे राहिले. ते उभे करणारा जेम्स मरे स्पँगलर कोणी मोठा इंजिनियर नव्हता. साठीला टेकलेला हा माणूस एका मोठ्या दुकानात झाडलोट करीत असे. त्याला दम्याचा विकार होता. गालिचे झाडताना उडणारी धूळ छातीत जाई आणि खोकल्याने जीव हैराण होई. नोकरी तर सोडवत नाही, आणि धूळ तर सोसवत नाही. मग काय, हाताला येईल ते त्याने जोडले. मोटरने पाते फिरवायचे, पात्याने धूळ ओढायची आणि ती अभ्र्यात साठवायची. १९०८ सालच्या जून महिन्यात त्याला ह्या यंत्राचे पेटंट मिळाले. त्याच वर्षी चामड्याचे सामान करणाऱ्या विल्यम हूवर ह्यांनी ते हक्क घेतले, आणि पुढे हूवर हे नाव घरोघर गेले.

धूळ ओढण्याची कल्पना मात्र त्याआधीची. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनियराने एक यंत्र चालताना पाहिले. ते यंत्र हवेच्या जोराने धूळ उडवून लावी. बूथच्या मनात आले, उडवलेली धूळ पुन्हा खालीच बसणार, मग ती ओढून का घेऊ नये? त्याने खुर्चीच्या गादीवर हातरुमाल ठेवला, तोंड लावून जोराने श्वास आत ओढला आणि रुमाल उलटून पाहिला. खालच्या बाजूला धुळीचा काळा ठसा! पुढे त्याने घोडागाडीवर मोठा पंप बसवला. गाडी रस्त्यावर उभी राही आणि तिच्या लांब नळ्या खिडक्यांतून घरात जात.

आता तुम्ही म्हणाल, लंडन-अमेरिकेच्या ह्या गोष्टी सोलापूरकरांना कशाला? त्याचे कारण असे की, हाताशी असेल ते जोडून काम भागवण्याची विद्या सोलापुरात कोणी कोणाला शिकवावी लागत नाही. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली. तिच्यामागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात घरोघर हातमाग मांडले. ओट्यावर माग, आत चूल, आणि मधल्या जागेत कांड्या भरणाऱ्या बायका-मुली, असा तो संसार. पुढे हातमागाच्या जागी यंत्रमाग आले. महाराष्ट्रातल्या यंत्रमागाची कहाणीच मुळी जुळवाजुळवीची आहे. मोठ्या गिरण्यांनी काढून टाकलेले लँकेशायर पद्धतीचे जुने माग लहान कारखानदाराने घ्यावेत, एकाचा सांगाडा, दुसऱ्याचे चाक, तिसऱ्याची धोट्याची पेटी असे करीत माग चालता करावा, ही रीत भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि सोलापूर ह्या साऱ्या गावांच्या ओळखीची.

सोलापूरने त्यावर आपली भर घातली. साधे कापड विणण्यासाठी जन्मलेल्या मागाच्या माथ्यावर जकार्ड चढवले. ह्या जकार्डात भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते; भोक असेल तिथे ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. त्यातून ती दुपदरी चादर निघते, जिच्या एका बाजूची नक्षी दुसऱ्या बाजूला रंग उलटे करून दिसते. टॉवेलासाठी मागाला दोन बीम लागतात. एकावरचे सूत ताठ ठेवायचे, दुसऱ्यावरचे सैल सोडायचे, म्हणजे कापडावर फासे उठतात. आज सोलापुरी चादर आणि टॉवेल ह्या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. ज्यांच्या हातांनी हे केले, त्यांना चार तऱ्हेचे भाग जुळवणे म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको.

पण ह्या जुळवाजुळवीत एक गोष्ट मागे राहिली, ती धुळीची. रुंदी वाढली, नक्षी वाढली, वेग वाढला. हे सारे कापडासाठी झाले. माग चालू लागला की ताण्याचे धागे फणीवर घासतात, त्यांच्यावरची वाळलेली खळ झडते, तंतू सुटतात. टॉवेलाचे सैल सूत तर अधिकच तंतू सोडते. मागावर, तुळईवर, दिव्याच्या तारेवर आणि विणकराच्या भुवईवर सुद्धा रुईचा थर चढतो. तो काढायचा कसा? फडक्याने झटकून, ब्रशने, केरसुणीने, आणि कॉम्प्रेसर असेल तर हवेच्या झोताने. माग दोन मिनिटांत लख्ख होतो. धूळ मात्र जात नाही; ती ह्या मागावरून उठते आणि शेजारच्या विणकराच्या छातीत उतरते. बूथने १९०१ साली जे पाहून नापसंत केले, तेच आपण अजून करतो आहोत.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या विकाराला डॉक्टर बायसिनोसिस म्हणतात. सुटीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळते, श्वास पुरत नाही. उरलेल्या आठवड्यात थोडे बरे वाटते आणि माणूस दुर्लक्ष करतो. वर्षे लोटली की दम कायमचा लागतो. हा विकार पिंजण आणि कताईच्या खात्यांत अधिक, विणाईत त्या मानाने कमी. पण कमी म्हणजे नाही असे नव्हे. आणि जिथे माग व बिऱ्हाड एकाच छपराखाली, तिथे ती धूळ पाळण्यातल्या लेकराला सुद्धा चुकत नाही.

कायद्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने सांगितले होते की, धूळ ओढून घेणारे साधन लागत असेल, तर ते धूळ जिथे उत्पन्न होते त्या जागेच्या शक्य तितके जवळ बसवावे. किती नेमके सांगणे! पण हा कायदा विजेवर चालणाऱ्या ज्या कारखान्यात दहा वा अधिक माणसे असतील, त्यालाच लागू होता. ज्या शेडमध्ये सहा किंवा आठ माणसे, तिच्या दारापर्यंत तो पोहोचलाच नाही. २०२० च्या नव्या संहितेने तर कारखान्याच्या व्याख्येत दहाचे वीस केले. तेव्हा लहान शेडच्या विणकराला सरकारची वाट पाहत बसून चालणार नाही.

मग स्पँगलरसारखी खटपट आपण करावी का? जरूर करावी, पण डोळसपणे. पहिली गोष्ट, टेबलावरचा पंखा हवा पुष्कळ हलवतो, परंतु नळीतून ओढण्याचा जोर त्याच्यात नसतो. त्यासाठी बंद कवचात फिरणारे ब्लोअरचे पाते हवे. दुसरी, नळी जितकी लांब, अरुंद आणि वाकडी, तितकी ओढ कमी. एका यंत्राची नळी दुसऱ्याला बांधली आणि सांध्यातून हवा शिरू लागली, तर मोटर नुसती ओरडते, धूळ काही येत नाही. तिसरी, पिशवीची छिद्रे भरली की हवा अडते. ज्या यंत्रात त्याच हवेने मोटर थंड होते, तिथे मोटर तापून जळते. चौथी, साध्या कापडी पिशवीत रुई अडते, पण सर्वांत बारीक धूळ आरपार जाते, आणि फुप्फुसाच्या तळाशी पोहोचते ती हीच. म्हणून पिशवी शेडच्या बाहेर, माणसांच्या वावरापासून दूर ठेवावी. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची: रुई आणि ठिणगी ह्यांचे वैर जुने आहे. उघड्या मोटरीतून रुईने भरलेली हवा जाऊ देऊ नये आणि पिशवी रोज रिकामी करावी. ही जोडणी जाणत्या वायरमनला दाखवल्यावाचून सुरू करू नये.

एवढे जमले नाही, तरी आजपासून एक करता येईल. हवेचा झोत बंद ठेवा, माग थांबवून ओल्या फडक्याने सांगाडा पुसा आणि नाकातोंडावर घडीचे कापड बांधा. कापडाने सारी धूळ अडणार नाही, पण मोठे तंतू तरी बाहेर राहतील.

स्पँगलरच्या यंत्रात नवीन असे एकही चाक नव्हते. नवीन होता तो एवढाच विचार, की यंत्र माणसाच्या छातीसाठीही जोडता येते. ज्या गावाने भंगारातल्या मागावर जकार्ड चढवून जगाला चादर दिली, त्या गावाच्या हातांना हे अवघड नाही. कापडासाठी जी अक्कल आपण आजवर खर्च केली, तिच्यातली थोडी आता विणणाऱ्याच्या श्वासासाठी खर्च व्हावी.