उघडपणा, पेटंटमधील : नेटवर्क स्लाइसिंग व रँडम ॲक्सेस

एखादी युक्ती त्या क्षेत्रातल्या जाणकाराला आधीच्या माहितीवरून सहज सुचण्यासारखी असेल, तर ती कायद्याच्या दृष्टीने ‘उघड’ ठरते आणि तिला पेटंट मिळत नाही. भारतीय पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम २(१)(जेए) मध्ये हीच गोष्ट उलट बाजूने, ‘शोधपायरी’ म्हणून मांडली आहे. आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही असावे, शिवाय शोध जाणकाराला उघड नसावा. नवेपणाची कसोटी वेगळी आहे. बिनतारी दळणवळणातले अर्ज ती बऱ्याचदा पार करतात. अडतात ते उघडपणापाशी.

५जी जाळ्यातील स्लाइसिंग म्हणजे एकाच जाळ्याचे वापरानुसार पाडलेले स्वतंत्र हिस्से. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हे समजावायला नीरा डावा कालवा पुरेसा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. कालवा एकच, पण ठरावीक क्षेत्राला ठरावीक पाणी बांधून दिलेले. स्लाइसिंगमध्ये पाण्याच्या जागी बँडविड्थ आणि विलंबाची हमी असते. एक हिस्सा व्हिडिओसाठी, दुसरा क्षणाचाही उशीर न चालणाऱ्या यंत्रांसाठी, तिसरा शेतातल्या हजारो सेन्सरांसाठी. थ्रीजीपीपी या मानक-संस्थेने २०१८ च्या रिलीज १५ मध्ये ही रचना आणली. कालव्याचे हे उदाहरण वाचकाला उपयोगी असले तरी परीक्षकाच्या कामाचे नाही. आधीचे ज्ञान त्याच किंवा लगतच्या क्षेत्रातले असावे लागते.

रँडम ॲक्सेस ही जाळ्यात शिरण्याची पहिली पायरी. परवानगी मागण्यासाठीही आधी बोलावे लागते, आणि कोण कधी बोलेल हे मोबाइल मनोऱ्याला ठाऊक नसते. म्हणून उपकरण एका संचातून कोणताही एक संकेत उचलून पाठवते. मनोरा उत्तर देतो, उपकरण आपली ओळख कळवते, आणि दोघांनी एकच संकेत उचलला असेल तर चौथ्या टप्प्यात त्यांतल्या एकाची निवड होते. या पद्धतीचे मूळ १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी सुरू केलेल्या अलोहा जाळ्यात आहे.

अशा टकरींचा, म्हणजे गर्दीचा, प्रश्न इंदापूरच्या कोणत्याही डीपीवर (वीज रोहित्रावर) दिसू शकतो. विहिरीवरची मोटर फोनवरून चालू-बंद करणारे मोबाइल स्टार्टर महाराष्ट्रात रुळले आहेत. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचे ‘नॅनो गणेश’ हे त्यातले गाजलेले नाव. रात्री लाईट आली की बॅटरी नसलेले असे सगळे स्टार्टर एकदमच जागे होतात आणि एकाच मनोऱ्याचे दार ठोठावतात. ५जी मध्ये एका प्रवेशसंधीला साधारण ६४ संकेत असतात. त्यांतले काही राखीव ठेवून ५४ मोकळे धरले, तर दहा उपकरणांनी एकाच क्षणी निवड केल्यावर किमान एक टक्कर होण्याची शक्यता सुमारे ५९ टक्के निघते. मग संकेत वर्गवार वाटावेत, हा विचार मनात येतोच.

तो विचार कोणाच्याही मनात येतो, ही पेटंट मागणाऱ्याची अडचण. २००८ च्या एलटीई (४जी) मानकात संदेशाच्या आकारानुसार संकेतांचे ‘अ’ आणि ‘ब’ गट होते. रिलीज १३ मधील, सेन्सरांसारख्या उपकरणांसाठीच्या एनबी-आयओटीमध्ये सिग्नल किती कमकुवत आहे यावरून प्रवेशाची साधने वेगळी केली गेली. रिलीज १५ मध्ये हँडओव्हरसारख्या (एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर जाण्याच्या) निकडीच्या प्रसंगी उपकरणाला जास्त जोराने आणि कमी थांबून पुन्हा प्रयत्न करण्याची मुभा मिळाली. आकार झाला, सिग्नल झाला, निकड झाली. त्यांच्या जागी ‘स्लाइस’ एवढा शब्द घालून केलेला दावा टिकणे कठीण. २०२२ च्या रिलीज १७ मध्ये स्लाइसनुसार प्रवेशसाधनांची वाटणी मानकातच आली. त्यानंतरच्या अर्जांना तर ती थेट आडवी येते.

शोधाला जागा आहे ती वाटणीने उभ्या केलेल्या अडचणींत. ५४ संकेतांचे २७-२७ असे दोन भाग केले आणि दहाही उपकरणे एकाच भागातली निघाली, तर टक्करीची शक्यता ८५ टक्क्यांवर जाते आणि दुसरा भाग रिकामा पडून राहतो. शिवाय उपकरणाने पहिल्याच संकेतात स्लाइस उघड केली, तर ऐकणाऱ्या कोणालाही वापरकर्त्याचा प्रकार कळतो. रिलीज १७ ने यावर स्लाइसांचे गट करून गटाचा क्रमांक वापरण्याचा मार्ग घेतला. रिकामा भाग तत्काळ दुसऱ्याला देण्याची, किंवा गर्दीचा अंदाज घेऊन वाटणी बदलण्याची विशिष्ट, मोजता येणारी कृती दाव्यात असेल, तर बोलण्यासारखे काही उरते. नुसते ‘गरजेनुसार बदलणे’ पुरत नाही. दावा केवळ गणनपद्धतीवर उभा असेल, तर अशा पद्धतींना पेटंट नाकारणाऱ्या कलम ३(के) चा अडसरही येतो.

भारतीय निकालांत उघडपणाच्या कसोटीला आकार मिळाला तो भांड्यांच्या एका वादातून. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात भांडी लेथवर कातताना धरून ठेवण्याचे साधन वादात होते. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट टिकवले नाही. कारखान्यातली नेहमीची सुधारणा म्हणजे शोध नव्हे, असा त्याचा रोख होता. अमेरिकेतील १९६६ चा ग्रॅहम विरुद्ध जॉन डिअर हा पायाभूत निकाल तर नांगराचा आहे. खडकाळ जमिनीत नांगर मोडू नये म्हणून केलेली भागांची फेरमांडणी तिथे उघड ठरली. मात्र साधेपणा म्हणजे उघडपणा नव्हे. दिल्ली उच्च न्यायालयाने एव्हरी डेनिसन प्रकरणात (२०२२) साधी सुधारणाही शोध असू शकते असे म्हटले, आणि आधीचे ज्ञान व नवा शोध यांमधला काळ विचारात घेतला. बरीच वर्षे लोकांसमोर असलेल्या माहितीतून कोणालाच ती गोष्ट सुचली नसेल, तर ती उघड म्हणणे अवघड जाते. त्याच वर्षीच्या ॲग्रिबोर्ड प्रकरणात त्याच न्यायालयाने पेटंट नियंत्रकांना बजावले की आधीचे ज्ञान कोणते, शोध कोणता आणि एकातून दुसरा कसा सुचतो, हे आदेशात मांडलेच पाहिजे.

बारामती-इंदापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात. थ्रीजीपीपीच्या बैठकांचे प्रस्ताव जाहीर असतात, त्यामुळे अर्जापूर्वी ते न चाळणे महागात पडते. अर्जाआधी प्रकल्पाचा निबंध छापला, तर तोही अर्जदाराविरुद्ध वापरला जाऊ शकतो. १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो आणि महाविद्यालयाच्या फलकावर ‘पेटंट’ म्हणून झळकतो. पण प्रसिद्धी म्हणजे मंजुरी नव्हे. शोधपायरीची तपासणी परीक्षणाची विनंती केल्यानंतरच होते, आणि २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतरच्या अर्जांसाठी ही विनंती करण्याची मुदत ३१ महिने आहे. दरम्यान, कलम २५(१) नुसार मंजुरीपूर्वी कोणीही उघडपणाच्या कारणावरून विरोध नोंदवू शकतो.