पोपचे वय : एका अलिखित मुदतीचा इतिहास

८ मे २०२५ रोजी रॉबर्ट प्रीव्होस्ट हे लिओ चौदावे हे नाव धारण करून पोप झाले, त्या वेळी त्यांचे वय ६९ होते. आपल्याकडील प्राध्यापक या वयाच्या कितीतरी आधी निवृत्त झालेला असतो. परंतु लिओ यांच्या लगतचे दोन पूर्वसुरी, म्हणजे २००५ साली निवडले गेलेले बेनेडिक्ट सोळावे आणि २०१३ साली निवडले गेलेले फ्रान्सिस, हे अनुक्रमे ७८व्या व ७६व्या वर्षी त्या आसनावर बसले होते. त्यांच्या तुलनेत लिओ तरुणच म्हणायचे. १९०३ ते २०२५ या काळात पोपची निवड अकरा वेळा झाली. निवडीच्या दिवशीची वये क्रमाने अशी आहेत : ६८, ५९, ६४, ६३, ७६, ६५, ६५, ५८, ७८, ७६ आणि ६९. सरासरी ६७च्या थोडी वर जाते आणि साठीच्या आतले केवळ दोघे सापडतात. याला योगायोग म्हणता येणार नाही. यामागे एक रीत आहे आणि त्या रीतीला इतिहास आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला या प्रश्नाचे उत्तर शब्दांतच दडल्यासारखे वाटते. 'पोप' या शब्दाच्या मुळाशी 'पापा', म्हणजे बाप, आहे. ख्रिस्ती धर्मगुरूसाठी रूढ झालेला 'प्रेस्बितेरोस' हा ग्रीक शब्द मुळात वडीलधाऱ्या माणसाचा वाचक. ज्या रोममध्ये हे पद वाढले, तेथील 'सिनेट' या शब्दातही 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा बसलेला आहे. तेव्हा वडिलकीचा मान हेच कारण, असे म्हणून मोकळे व्हावेसे वाटते. हे उत्तर मोहक असले तरी अपुरे आहे. कारण बापाच्या नावाने ओळखले जाणारे हे पद एके काळी पोरसवदा तरुणांच्याही हाती गेले होते.

इ.स. ९५५ मध्ये पोप झालेला जॉन बारावा तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता. त्याचा बाप अल्बेरिक हा रोमचा प्रत्यक्ष सत्ताधीश. आपल्या पश्चात, पुढच्या वेळी पोपपद रिकामे होईल तेव्हा ते आपल्या मुलाला मिळावे, अशी शपथ त्याने मरणापूर्वी रोमच्या सरदारांकडून घेववली होती. १०३२ मध्ये आलेला बेनेडिक्ट नववा हा टस्क्युलमच्या घराण्यातला आणि लागोपाठ होऊन गेलेल्या दोन पोपांचा पुतण्या. एका बखरकाराने तर तो बारा वर्षांचा पोर असल्याचे लिहून ठेवले. इतिहासकार ते मानत नाहीत आणि त्याचे वय विशीच्या आसपास धरतात. या दोन उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. पद घराण्याच्या मालकीचे असते, तेव्हा वारसाचे वय कोणी विचारत नाही. उलट वारस जितका तरुण, तितका घराण्याचा ताबा दीर्घ.

अकराव्या शतकातील सुधारणावाद्यांनी नेमका हाच ताबा मोडून काढला. १०५९ मध्ये निकोलस दुसरा याने पोपच्या निवडीतील पुढाकार कार्डिनल-बिशपांकडे सोपवला. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने दोन-तृतीयांश मतांची अट घातली. पुढे व्हितेर्बो येथे १२६८ ते १२७१ अशी जवळजवळ तीन वर्षे निवड रखडली. तिच्या अनुभवातून १२७४ मध्ये ल्यों येथील परिषदेत मतदारांना कोंडून घेण्याचा आणि दिवसागणिक त्यांचे अन्न तोडण्याचा नियम झाला. त्या कोंडण्यातूनच 'कॉन्क्लेव्ह' ही संस्था उभी राहिली.

या सुधारणांचा वयाशी थेट संबंध नाही, पण अप्रत्यक्ष संबंध फार मोठा आहे. निवडणारे कार्डिनल आपल्यातलाच एक निवडू लागले. १३७८ मध्ये निवडला गेलेला अर्बन सहावा हा कार्डिनल नसताना पोप झालेला शेवटचा माणूस. नियमाने आजही कोणताही बाप्तिस्मा झालेला कॅथलिक पुरुष पोप होऊ शकतो. १९८३ च्या धर्मसंहितेत बिशपसाठी किमान ३५ वर्षांची अट आहे, कमाल वयाची अट पोपपदासाठी कोठेच नाही. व्यवहारात मात्र धर्मगुरू, बिशप, आर्चबिशप, कार्डिनल अशा पायऱ्या चढून गेल्याशिवाय त्या दारापर्यंत कोणी पोहोचत नाही, आणि या पायऱ्या चढण्यात माणसाची पन्नाशी-साठी उलटते. हा जिना टाळता येत असे तेव्हा काय घडत होते, ते लिओ दहावा याच्यावरून कळते. फ्लोरेन्सच्या मेदिची घराण्यातला हा मुलगा तेराव्या वर्षी कार्डिनल झाला आणि १५१३ मध्ये ३७व्या वर्षी पोप. निवड झाली तेव्हा त्याला धर्मगुरुपदाची दीक्षाही मिळालेली नव्हती. ती काही दिवसांत उरकून घ्यावी लागली.

तरीही जिन्याचा हा युक्तिवाद आम्हांस पुरेसा वाटत नाही. तिशीचा पोप का नसतो, एवढेच त्याने कळते. समोर पन्नाशीचे कार्डिनल बसलेले असताना मते सत्तरी ओलांडलेल्याकडे का जातात, हे त्याने कळत नाही. १५५५ मध्ये पॉल चौथा ७८ वर्षांचा होता. १६७० मध्ये क्लेमेंट दहावा आणि १६८९ मध्ये अलेक्झांडर आठवा हे दोघेही ७९ वर्षांचे होते. १७३० मध्ये ७८व्या वर्षी आलेल्या क्लेमेंट बाराव्याची दृष्टी दोन वर्षांत गेली आणि तशा अवस्थेत त्याने १७४० पर्यंत कारभार केला. ही माणसे म्हातारी असूनही निवडली गेली, की म्हातारी होती म्हणूनच?

याचे उत्तर पदाच्या स्वरूपात शोधावे लागते. पोपपद तहहयात असते. पोपवर खटला चालवील असे न्यायासन पृथ्वीवर नाही, असे धर्मसंहिताच सांगते. त्याला पदच्युत करण्याची सोय नाही आणि त्याच्या सत्तेला मुदत नाही. त्यात १८७० पर्यंत पोप हा मध्य इटलीतील मोठ्या मुलुखाचा राजाही होता. नवा पोप आला की त्याचा पुतण्या कार्डिनल होई, खजिना आणि नेमणुका त्या घराण्याकडे जात, आणि बाकीची घराणी पुढच्या मृत्यूची वाट पाहत बसत. पुतणेशाहीला बंदी करणारे फर्मान निघायला १६९२ साल उजाडावे लागले. अशा व्यवस्थेत ४५ वर्षांचा पोप निवडणे म्हणजे एका पक्षाला पाव शतक आंदण देणे. दोन-तृतीयांश मते कोणत्याच गटाकडे नसत. फ्रान्स, स्पेन आणि ऑस्ट्रिया यांचे राजे नकाराधिकार गाजवीत. मग कोंडी फुटायची ती एखाद्या वयोवृद्धाच्या नावावर. त्याच्यावर सर्वांचे प्रेम असायचे असे नाही, पण त्याची कारकीर्द सर्वांना परवडायची. डिसेंबर १६६९ मध्ये सुरू झालेले कॉन्क्लेव्ह चार महिन्यांहून अधिक चालले आणि अखेरीस ७९ वर्षांच्या क्लेमेंट दहाव्यावर येऊन थांबले, ते यामुळेच.

आमच्या मते या रीतीचे मर्म येथे आहे. ज्या सत्तेला कायद्याने मुदत घालता येत नाही, तिला निवडणाऱ्यांनी वयाने मुदत घातली. हे कलम कोठेही लिहिलेले नाही आणि ते लिहिताही येणार नाही, कारण त्याची अंमलबजावणी मृत्यूकडे सोपवलेली आहे. लोकमानसाने मात्र ते अचूक ओळखले होते. सिक्स्टस पाचवा हा १५८५ मध्ये कुबड्या टेकीत, खोकत कॉन्क्लेव्हमध्ये वावरला आणि निवड होताच कुबड्या फेकून ताठ उभा राहिला, अशी दंतकथा आहे. इतिहास म्हणून तिला आधार नाही. पण दंतकथा खरी नसली तरी ती का रचावीशी वाटली, हे खरे असते. अशक्तपणा हीच जेथे पात्रता मानली जाते, तेथे तिचे सोंग आणणारा नायक लोकांना सुचणारच.

विसाव्या शतकाकडे येताना या अलिखित कलमाची लय अधिक स्पष्ट दिसते. १८४६ मध्ये ५४व्या वर्षी निवडले गेलेले पायस नववे जवळजवळ ३२ वर्षे पदावर राहिले. एवढ्या दीर्घ कारकिर्दीनंतर १८७८ मध्ये कार्डिनलांनी ६७ वर्षांचे, प्रकृतीने तोळामासा असलेले लिओ तेरावे निवडले. ते पंचवीस वर्षे टिकले आणि ९३व्या वर्षी वारले. आम्हांला पवित्र पिता हवा होता, अनंत पिता नव्हे, असा विनोद एका कार्डिनलच्या नावावर सांगितला जातो तो याच प्रसंगाचा. पुढे शतकभराने तीच लय पुन्हा उमटली. १९७८ मध्ये जॉन पॉल पहिले अवघ्या ३३ दिवसांत वारले आणि त्यानंतर ५८ वर्षांचे जॉन पॉल दुसरे आले. त्यांची कारकीर्द २६ वर्षांहून अधिक लांबली आणि तिच्यानंतर निवडले गेलेले बेनेडिक्ट ७८ वर्षांचे होते.

मात्र मृत्यूवर सोपवलेले कलम दोन बाजूंनी फसते. एक तर मृत्यू वेळेवर येत नाही. दुसरे म्हणजे, थोडा अवधी हातात असलेला माणूस निरुपद्रवी असतोच असे नाही. १९५८ मध्ये ७६व्या वर्षी निवडले गेलेले जॉन तेविसावे हे मधली जागा भरून काढणारे पोप समजले गेले. तीन महिने पुरे होण्याआधीच, २५ जानेवारी १९५९ रोजी, त्यांनी सार्वत्रिक धर्मपरिषद भरवण्याचे जाहीर केले. १९६२ मध्ये सुरू झालेल्या त्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेची भाषा लॅटिनवरून लोकभाषांकडे वळवली. वसईच्या चर्चमधून मराठी उपासना ऐकू येते तिचा मार्ग याच परिषदेने खुला केला. जॉन स्वतः १९६३ मध्येच वारले. गमावण्यासारखे फारसे उरले नाही, हे भान म्हातारपणाला धीट करते. पाच वर्षांहून कमी काळात जे घडले, ते मतदारांच्या हिशोबात नव्हते.

वयाच्या प्रश्नाला कायद्याने हात घातला तो पॉल सहावे यांनी, आणि तोही एकाच टोकाने. त्यांनी १९७० मध्ये ऐंशी वर्षे पूर्ण केलेल्या कार्डिनलांचा मताधिकार काढून घेतला. मुंबईचे माजी आर्चबिशप ऑस्वाल्ड ग्रेशस यांनी २०१३ मध्ये मत दिले होते. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांना ऐंशी वर्षे पूर्ण झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सिस वारले, म्हणून चार महिन्यांहून कमी फरकाने ते मतदानाबाहेर राहिले. गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव हे ७२ वर्षांचे असल्याने आत गेले. मतदाराच्या वयाला अशी काटेकोर सीमा आली, पण पोपच्या वयाला नाही. ऐंशीव्या वर्षी मत देण्यास असमर्थ ठरणारा माणूस ऐंशीव्या वर्षी चर्च चालवण्यास मात्र समर्थ मानला जातो.

या विसंगतीवर बोट ठेवले ते बेनेडिक्ट यांनी. शरीर आणि मन यांचे बळ उरले नाही, असे सांगून त्यांनी २०१३ मध्ये राजीनामा दिला. १४१५ मधील ग्रेगरी बाराव्यानंतरचा हा पहिलाच राजीनामा. एका अर्थाने मृत्यूकडे सोपवलेले कलम त्यांनी स्वतःकडे परत घेतले. फ्रान्सिस यांनी मात्र तो मार्ग स्वीकारला नाही. ते ८८व्या वर्षी पदावर असतानाच वारले. प्रथा पडली असे म्हणता येत नाही, दार उघडे झाले एवढेच म्हणता येते.

हे दार अधिक वापरले जावे काय? आयुर्मान वाढत आहे, आजारी पोपच्या अखेरच्या वर्षांत निर्णय नेमके कोण घेतो हा प्रश्न खरा आहे, आणि वयाची कमाल मर्यादा ठरवणे हा सोपा उपाय दिसतो. आमचे मत थोडे सावध आहे. लिओ चौदावे यांनी आपले नाव ज्यांच्यावरून घेतले, त्या लिओ तेरावे यांनी श्रमिकांच्या हक्कांविषयीचे 'रेरुम नोव्हारुम' हे पत्रक १८९१ मध्ये प्रसृत केले. कामगारांना संघटनेचा हक्क आहे आणि त्यांना न्याय्य वेतन मिळाले पाहिजे, असे त्यात ठामपणे मांडलेले होते. ते लिहिणारा माणूस तेव्हा ८१ वर्षांचा होता. आजच्या नियमाने त्याला कॉन्क्लेव्हमध्ये मतही देता आले नसते.